ॲस्पी इंजिनियर : गिप्सी मॉथपासून वायुसेनाप्रमुखपदापर्यंत

कर्वेनगरातून वारजे, शिवणे, उत्तमनगर असे ओलांडत पश्चिमेकडे जाणारा रस्ता खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दाराशी पोहोचतो. आपल्या परिसरातील मुले त्या दारातून बाहेर पडणारे गणवेशधारी तरुण पाहतच मोठी होतात आणि शिक्षकांना नेमके तेच ते प्रश्न विचारतात. विमान चालवणारा माणूस जनरल होतो का? झाला तर कसा? या स्मरणिकेसाठी चरित्र निवडताना आम्ही हे प्रश्नच समोर ठेवले. हवाई दलात जनरल असे पद नसते. तेथील एअर मार्शल म्हणजे लष्करातील लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा अधिकारी, आणि १९६६ पूर्वी आपल्या वायुसेनाप्रमुखाचे पदही तेच होते. त्या पदावर पोहोचलेले दुसरे भारतीय म्हणजे एअर मार्शल ॲस्पी मेरवान इंजिनियर. त्यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. त्यांच्या आधीचे सुब्रतो मुखर्जी शालेय फुटबॉल स्पर्धेमुळे ठाऊक असतात, त्यांच्या नंतरचे अर्जनसिंग १९६५ च्या युद्धामुळे. मधले इंजिनियर मात्र विस्मरणात गेले, आणि त्याला एक ऐतिहासिक कारणही आहे. ते पुढे येईलच.

ॲस्पींचा जन्म १५ डिसेंबर १९१२ रोजी लाहोर येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत अभियंता होते. कुटुंबाचे आणि पुढे ॲस्पींच्या उमेदवारीचे गाव मात्र कराची. सिंध प्रांत १९३६ मध्ये वेगळा होईपर्यंत कराची हे मुंबई इलाख्यातीलच शहर होते, याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. युरोपातून येणारी विमाने हिंदुस्थानात पहिल्यांदा उतरत ती कराचीला. त्यामुळे तेथील तरुणांना विमानाचे वेड लागणे स्वाभाविक होते. वेड लागणे आणि ते पुरवता येणे या गोष्टी मात्र वेगळ्या. विमान शिकायचे तर फ्लाइंग क्लबची वर्गणी, तासागणिक शुल्क, इंग्रजीचे ज्ञान आणि घरच्यांची संमती एवढे सारे लागत असे. ॲस्पींना हे मिळाले. त्यांच्या वयाच्या लक्षावधी मुलांना शाळेच्या ओसरीवरही बसू दिले जात नव्हते, हेही त्याच देशाचे आणि त्याच दशकाचे वास्तव आहे. असे म्हटल्याने ॲस्पींचे कर्तृत्व उणे होत नाही. मिळालेल्या संधीचे त्यांनी सोने केले, हे पुढच्या दोनच वर्षांत दिसून आले.

१९२९ च्या अखेरीस आगाखान यांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर, कोणत्याही दिशेने, जो हिंदी माणूस एकट्याने व ठरावीक मुदतीत विमानाने प्रथम पार करील त्याला ते मिळायचे होते. (हेच आगाखान १९३० च्या नोव्हेंबरात लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेत मुस्लिम प्रतिनिधींचे अग्रणी म्हणून बसले होते. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांची बाजू मांडत होते.) बक्षिसासाठी तिघे जण उतरले. पहिले मनमोहनसिंग, दुसरे मुंबईचे जे. आर. डी. टाटा, ज्यांना १९२९ च्या फेब्रुवारीत हिंदुस्थानातील पहिला वैमानिक परवाना मिळाला होता, आणि तिसरा सतरा वर्षांचा ॲस्पी इंजिनियर.

ॲस्पींची तयारी थोडी निराळ्या वाटेने झाली. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला यांच्यासोबत ते कराचीहून इंग्लंडला विमानाने गेले. हिंदी माणसांनी हिंदुस्थानातून विलायत गाठण्याचा हा पहिलाच हवाई प्रवास. पण बक्षिसाची अट एकट्याने उडण्याची होती. म्हणून एप्रिलच्या अखेरीस ॲस्पी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून परतीच्या वाटेवर एकटेच निघाले.

त्यांचे विमान होते गिप्सी मॉथ. दोन पंख एकावर एक, लाकडी सांगाडा, वर कापड, साधारण शंभर अश्वशक्तीचे इंजिन आणि वैमानिकाची बैठक उघडी. डोक्यावर छप्पर नाही, रेडिओ नाही, हवामानाचा अंदाज सांगणारे कोणी नाही. वेग आजच्या महामार्गावरील भरधाव मोटारीइतका. पेट्रोलची टाकी लहान, त्यामुळे काही तास उडायचे, उतरायचे, पेट्रोल स्वतः उभे राहून भरून घ्यायचे, इंजिन तपासायचे आणि पुन्हा निघायचे. मार्ग फ्रान्स, इटली, भूमध्य समुद्राचा किनारा, इजिप्त, इराक आणि इराणच्या आखाताचा. खाली रेल्वेचा रूळ किंवा समुद्रकिनारा दिसला तर दिशा कळे. नाहीतर मांडीवरचा नकाशा आणि होकायंत्र.

टाटा मेच्या आरंभी कराचीहून उलट दिशेने निघाले. दोघांची भेट इजिप्तमधील अबुकीर येथे झाली. ॲस्पी तेथे अडकून पडले होते. इंजिनातील स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि त्यांच्याजवळ जादा प्लग नव्हते. टाटांजवळ होते. स्पर्धेत आपल्यापुढे असलेला मुलगा वाळवंटाच्या कडेला थांबलेला आहे, आपण नुसते पुढे निघालो तरी बक्षीस जवळजवळ आपले, ही गोष्ट टाटांना कळत नव्हती असे नाही. त्यांनी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. ॲस्पींनी त्याबदल्यात आपले समुद्रावर तरंगण्याचे जाकीट त्यांना दिले, कारण टाटांना अजून भूमध्य समुद्र ओलांडायचा होता. दोघे आपापल्या दिशेने निघाले. ॲस्पी आधी कराचीला पोहोचले, टाटा अगदी थोडक्यात मागे राहिले. मनमोहनसिंग यांनी अंतर पार केले खरे, पण मुदत उलटून गेली होती. बक्षीस ॲस्पींना मिळाले. या बक्षिसामुळे त्या मुलाचा हवाई दलात जाण्याचा मार्ग मोकळा झाला, याचा टाटांना पुढेही आनंद वाटत असे. आम्हास या प्रसंगात टाटांचा मोठेपणा जेवढा दिसतो तेवढाच ॲस्पींचाही दिसतो. सतराव्या वर्षी प्रतिस्पर्ध्याकडे मदत मागायला आणि घेतल्यावर लगेच काही परत द्यायला मन स्वच्छ असावे लागते.

आता हवाई दलाविषयी. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर अशा मोजक्या हिंदी तरुणांनी ब्रिटिश हवाई दलातून लढाई केली. रॉय आणि वेलिणकर त्यात मारले गेले. तरीही युद्ध संपताच हिंदी माणसाला विमान झेपत नाही, यंत्र कळत नाही, असा जुना सूर पुन्हा लागला. १९२० च्या दशकात स्कीन समितीने हिंदी तरुणांना अधिकारी करण्याची व क्रॅनवेलच्या हवाई महाविद्यालयात पाठवण्याची शिफारस केली. तिच्या आधारे ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल कागदावर अस्तित्वात आले. प्रत्यक्षात पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे उभी राहिली. चार वापिटी विमाने, तीही ब्रिटिशांच्या वापरातून उतरलेली. त्याच वर्षी सप्टेंबरात झालेल्या अपघातात भूपेंदरसिंग आणि अमरजितसिंग हे दोन तरुण वैमानिक गेले. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या वैमानिकांतून दोघे जाणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. हा प्रयोग फसणार असे म्हणणाऱ्यांना बळ देणारा तो काळ होता. अशा वेळी क्रॅनवेलचे शिक्षण पुरे करून १९३३ मध्ये अधिकारी झालेले ॲस्पी या दलात दाखल झाले.

पुढील वर्षे वायव्य सरहद्दीवर गेली. कोहाट, मिरानशाह, पेशावर, वझिरिस्तानच्या दऱ्या. तेथील टोळ्यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव केला की विमाने पाठवली जात. आधी पत्रके टाकून गाव रिकामे करण्याचा इशारा द्यायचा, मग बाँब टाकायचे, अशी ती पद्धत. वैमानिकाजवळ स्थानिक भाषेतील एक चिठ्ठी असे. विमान पडून तो टोळ्यांच्या हाती सापडलाच तर त्याला सुखरूप परत करणाऱ्यास बक्षीस मिळेल, असा मजकूर त्या चिठ्ठीत असे. ज्या साम्राज्याने हिंदी वैमानिकास कमी लेखले, त्याच साम्राज्यासाठी शेजारच्या डोंगरातील गरीब माणसांच्या घरांवर बाँब टाकायचे, ही या पिढीची कोंडी होती. तिचा विचार टाळून त्यांच्या पदकांचे कौतुक करणे इतिहासाला धरून होणार नाही. सरहद्दीवरील कामगिरीसाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲस्पींना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. त्यांचे धाकटे बंधू मिनू आणि आणखी एक भाऊ यांनीही हेच पदक मिळवले. एका घरातील तीन भावांना हे पदक मिळाल्याचे आमच्या पाहण्यात दुसरे उदाहरण नाही.

युद्धाने आणखीही काही दारे उघडली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ महार पलटण युद्धानंतर मोडली गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा अखंड पाठपुरावा होता. ॲस्पी ज्या युद्धात विमान उडवत होते त्याच युद्धात आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाती पुन्हा बंदूक आली. युद्धाची निकड असली की सत्ताधाऱ्यांचे वंशशास्त्र कसे झटपट बदलते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. तिकडे मनमोहनसिंग १९४२ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात मृत्यू पावले. आगाखान बक्षिसाच्या तीन स्पर्धकांपैकी ते सर्वप्रथम गेले.

१९४७ ची फाळणी ॲस्पींच्या बाबतीत विलक्षण ठरली. जन्माचे लाहोर, तारुण्याचे कराची, हवाई दलाचे जन्मस्थान ड्रिग रोड, ज्या तळांवरून ते उडाले ते कोहाट, पेशावर आणि मिरानशाह, हे सारे एका रात्रीत दुसऱ्या देशात गेले. दलातील काही जुने सोबतीही तिकडे गेले. विमाने, सुटे भाग, कार्यशाळा यांची वाटणी झाली. ॲस्पी भारतात राहिले. काश्मीरच्या लढाईत त्यांचे बंधू मिनू यांना महावीरचक्र मिळाले. हेच मिनू १९७१ च्या युद्धात पश्चिम हवाई कमानीचे प्रमुख होते. ॲस्पी या काळात अधिकाधिक वरच्या आणि अधिकाधिक टेबलाच्या कामाकडे सरकत गेले. वैमानिकाच्या आयुष्यातील हा भाग चरित्रकारांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून आम्हीही त्यात वाचकांस फार गुंतवत नाही. एक अपवाद मात्र करावा लागेल.

१९५८ ते १९६० ही दोन वर्षे ते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याचे व्यवस्थापकीय संचालक होते. हा कारखाना १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढला होता आणि पुढे सरकारने तो ताब्यात घेतला. ॲस्पी तेथे असताना दोन मोठी कामे चालू होती. एक, नॅट या छोट्या लढाऊ विमानाची परवान्यावर बांधणी. येथे जुळवलेले पहिले नॅट १९५९ मध्ये उडाले. १९६५ च्या युद्धात या विमानांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरे काम त्याहून धाडसी. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली मरुत हे संपूर्ण नवे जेट लढाऊ विमान भारतात तयार होत होते. ते १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा आकाशात झेपावले. ज्या माणसाने उतरलेल्या वापिटीवर नोकरी सुरू केली त्याच्या देखरेखीखाली देशी जेट आकार घेत होते. त्यास पुरेशा शक्तीचे इंजिन कधीच मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी.

८ नोव्हेंबर १९६० रोजी वायुसेनाप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांचा टोकियोत जेवताना घास अडकून अकस्मात मृत्यू झाला. १ डिसेंबरला ॲस्पींनी सूत्रे घेतली. पुढचे पावणेचार वर्ष हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळ ठरला.

आरंभ तर चांगला झाला. १९६१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामगिरीवर भारताची कॅनबेरा विमाने आफ्रिकेतील काँगोपर्यंत गेली. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गोव्याची मोहीम पुण्यातील दक्षिण कमानीच्या मुख्यालयातून जनरल जयंतनाथ चौधरी यांनी आखली. हवाई बाजू एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि विमाने उडाली ती आपल्या लोहगाववरून व बेळगावच्या सांबऱ्यावरून. १८ डिसेंबरच्या सकाळी बारा कॅनबेरांनी दाबोळीची धावपट्टी उखडली. इमारतींना धक्का लावायचा नाही असा सक्त आदेश होता आणि तो पाळला गेला. सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र बंद पाडले. तरीही पोर्तुगीजांनी रात्री धावपट्टीचा तुकडा दुरुस्त करून दोन विमाने कराचीकडे पळवलीच. दीड दिवसात साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. शत्रूजवळ गोव्यात लढाऊ विमान एकही नव्हते, हे मात्र विजयाच्या आनंदात विसरले गेले.

दहा महिन्यांनी चीनचे युद्ध आले. इंजिनियर यांचे नाव मागे का पडले, याचे उत्तर येथे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये भारताने आपली लढाऊ व बाँबफेकी विमाने वापरली नाहीत. जवान नामका चू आणि से ला येथे मरत होते आणि हंटर, कॅनबेरा तळांवर उभी होती. आपण विमाने वापरली तर चीन कोलकात्यावर व उत्तरेतील शहरांवर बाँब टाकील, ही दिल्लीतील भीती. गुप्तवार्ता विभागाने चिनी हवाई बळाचा अंदाज फुगवून दिला होता. अमेरिकन राजदूत गालब्रेथ यांचा सल्लाही तसाच. प्रत्यक्षात तिबेटातील चिनी धावपट्ट्या फार उंचावर होत्या. विरळ हवेत तेथून जड भार घेऊन उडणे अवघड होते. आपले तळ मैदानात होते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तर पंतप्रधान नेहरूंनी अमेरिकेकडेच लढाऊ विमानांची मागणी केली.

निर्णय राजकीय होता यात शंका नाही. लष्कर आणि हवाई दल यांचे संयुक्त नियोजन जवळपास नव्हतेच. तथापि देशाच्या हवाई बळाविषयी सर्वांत अधिकारवाणीने बोलू शकणारा माणूस वायुसेनाप्रमुख असतो. आमच्या मते त्यांचा आवाज त्या खोलीत जेवढा मोठा असायला हवा होता तेवढा नव्हता. सुब्रतो मुखर्जींच्या वेळेपासूनच हवाई दल राजकीय नेतृत्वाच्या दृष्टीने वाहतुकीचे साधन होऊन बसले होते, आणि ती दृष्टी बदलण्यास दोन वर्षे अपुरी होती, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. तेही खोटे नाही. युद्धाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१२ मध्ये, तत्कालीन वायुसेनाप्रमुखांनी हवाई हल्ले झाले असते तर चित्र निराळे दिसले असते असे जाहीरपणे मांडले, तेव्हा ही चर्चा पुन्हा उठली.

पण त्या युद्धात हवाई दल स्वस्थ बसले होते असे मानणे हा अन्याय होईल. डाकोटा, पॅकेट, इल्युशिन विमाने आणि हेलिकॉप्टर दिवसामागून दिवस दऱ्यांमध्ये शिधा व दारूगोळा टाकत होती, जखमींना उचलत होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चंडीगडहून आंतोनोव्ह विमानांनी एएमएक्स रणगाडे उचलून लडाखमध्ये चुशूलला नेले. चुशूलची धावपट्टी सुमारे चौदा हजार फूट उंचीवर आणि नुसत्या मातीची. तेथे रणगाडा उतरवणे हे त्या काळी जगात कोणी सहज करीत नव्हते. या वैमानिकांची नावे कोणत्या पाठ्यपुस्तकात आली नाहीत.

पराभवानंतर कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. इंजिनियर यांच्या कारकिर्दीचे शेवटचे वीस महिने चव्हाणांबरोबर गेले. तिन्ही दलांची नव्याने बांधणी सुरू झाली, हवाई दलाच्या स्क्वाड्रनची संख्या वाढवण्याची योजना झाली. रशियाकडून मिग-२१ घेण्याचा करार १९६२ मध्येच झाला होता. ती विमाने भारतातच बांधण्यासाठी नाशिकजवळ ओझरला कारखाना आला. यशवंतराव नाशिकमधूनच १९६३ मध्ये बिनविरोध लोकसभेवर गेले होते. ओझरच्या कारखान्याने आमच्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांच्या घरांत पहिला नियमित पगार आणला, म्हणून त्याचा उल्लेख थोडा रेंगाळून केला.

या काळातला सर्वांत मोठा आघात २२ नोव्हेंबर १९६३ चा. पूंछजवळ हेलिकॉप्टर तारांना अडकून कोसळले आणि लेफ्टनंट जनरल दौलतसिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रमसिंग यांच्यासह अनेक वरिष्ठ अधिकारी गेले. त्यांत गोव्याचे पिंटोही होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एकाच विमानातून प्रवास करू नये हा दंडक पुढे कडक झाला.

३१ जुलै १९६४ रोजी ॲस्पी इंजिनियर निवृत्त झाले आणि अर्जनसिंग प्रमुख झाले. तेरा महिन्यांनी पाकिस्तानशी युद्ध झाले, त्यात हवाई दल मोकळेपणाने वापरले गेले आणि श्रेय योग्यच माणसाला मिळाले. त्या युद्धातील नॅट आणि सारी नवी बांधणी इंजिनियर यांच्या काळातून आलेली होती. निवृत्तीनंतर सरकारने त्यांना इराणमध्ये राजदूत म्हणून पाठवले. आपल्या पूर्वजांच्या भूमीत एका पारशी माणसाने भारताचे प्रतिनिधित्व करावे, ही निवड सूचक होती. १९३० मध्ये त्याच इराणच्या आखाताचा किनारा धरून ते एकटे उडत आले होते.

त्यांच्यानंतर बारा वर्षांनी, १९७६ मध्ये, मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर वायुसेनाप्रमुख झाले. ॲस्पी इंजिनियर यांचे निधन १ मे २००२ रोजी मुंबईत झाले. त्यांचे वय ८९ होते. अबुकीरला त्यांना प्लग देणारे जे. आर. डी. टाटा नऊ वर्षांपूर्वी, १९९३ मध्ये गेले होते.